वाचकांचे प्रश्न : मागच्याच चाकात पुन्हा पंक्चर

सायकलीविषयी अलीकडे आलेली बहुतेक पत्रे पंक्चरचीच असल्यामुळे या वेळची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी वारज्याला राहतो आणि नोकरीसाठी बाणेरला जातो. महामार्गालगतच्या सेवा रस्त्याने, चांदणी चौकावरून रोज सायकलने जातो. गेल्या पंधरवड्यात मागचे चाक तीन वेळा बसले. पहिल्यांदा दुकानात पंक्चर काढून घेतले, दुसऱ्यांदा ट्यूबच नवी घातली, आणि तीही चार दिवसांत बसली. सकाळी साडेसातला वाटेत एकही दुकान उघडे नसल्यामुळे सायकल ढकलत न्यावी लागली व उशिरा पोहोचल्याबद्दल बोलणी खावी लागली. टायर बदलावा का, आणि वाटेत पंक्चर झाल्यास नेमके काय करावे, हे सविस्तर सांगावे.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की नवी ट्यूबही चार दिवसांत बसली. ट्यूब बदलली तरी चाक तेच राहिले आणि त्रासही तोच राहिला, तेव्हा पहिले छिद्र ज्याने पाडले ते अजून टायरमध्येच रुतून बसले असावे, असा माझा कयास आहे. आपल्या मार्गावरून ट्रक आणि इतर अवजड वाहने सतत जातात. त्यांच्या टायरमध्ये पोलादी तारांचे जाळे असते. तो टायर फुटला की त्या तारांचे केसासारखे बारीक तुकडे रस्त्यावर सांडतात आणि वाहनांच्या वाऱ्याने व पावसाच्या पाण्याने कडेला जमतात. सायकलस्वाराने चालावे अशी अपेक्षा असते तीही नेमकी याच कडेने. अशी तार रबरात आरपार शिरली तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतल्या बाजूनेही ती अर्धा मिलिमीटर जेमतेम डोकावते. चाकावर वजन पडले की ती ट्यूबला टोचते आणि वजन उतरले की मागे सरते, त्यामुळे रिकाम्या टायरमधून नुसता हात फिरवून ती सापडेलच असे नाही.

मला स्वतःला हा धडा तीन ट्यूब खर्ची घालून मिळाला. शेवटी एका रात्री टायर पूर्ण काढून स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली घेतला आणि कापसाचा बोळा आतून सावकाश फिरवला, तेव्हा एका जागी कापसाचे चार तंतू अडकून राहिले. तिथे टायर उलटा दुमडल्यावर एक चकाकणारा ठिपका दिसला. नखाने तो धरता येईना, म्हणून नेलकटरच्या पात्यात पकडून ओढला, तर तांदळाच्या कणीएवढीही लांबी नसलेली तार बाहेर आली. ती मी बरेच दिवस काडेपेटीत जपून ठेवली होती. आपणही बोटाऐवजी कापूस किंवा जुना नायलॉनचा मोजा वापरावा. तो अधिक चटकन अडकतो आणि काच असली तर बोटही कापत नाही.

शोध घेण्याची जागा आधीच ठरवता आली तर काम निम्मे होते. त्यासाठी टायर बसवताना त्याच्या बाजूवर छापलेले नाव नेहमी व्हॉल्व्हच्या शेजारी येईल असे बसवावे. मग ट्यूबमधील छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवरही तेवढेच अंतर मोजता येते. ट्यूब काढताना उलटसुलट झाली असण्याची शक्यता धरून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्या अंतरावर पाहावे. पंक्चर काढणारा कारागीर हे सहसा करत नाही आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही, कारण गिऱ्हाईक घड्याळाकडे पाहत समोर उभे असते. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे दिसतील तिथे कानस मारून ठिगळ लावायचे आणि चाक बसवून द्यायचे, एवढेच काम आपण त्याला सांगितलेले असते. यापुढे चाक त्याच्या हाती देताना टायर आतून तपासून घेण्यास आवर्जून सांगावे, आणि शक्य असल्यास स्वतः उभे राहून ते पाहावे.

छिद्र कोणत्या जातीचे आहे, तेही पाहावे. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरकडे, एकच बारीक छिद्र असेल तर तार, काच किंवा बाभळीचा काटा असे काहीतरी टोचलेले असते. छिद्र आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रस्त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. रिमवरची पट्टी सरकून आऱ्याचे टोक किंवा त्याच्या भोकाची धार ट्यूबला लागत असते. दोन समांतर चिरा शेजारी शेजारी दिसल्या, म्हणजे साप चावल्यासारखी खूण दिसली, तर टायरमध्ये हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर आपटल्यावर ट्यूब रिम व टायर यांच्यामध्ये चिमटली गेली, असे समजावे. आपल्या बाबतीत नव्या ट्यूबचे छिद्र यांपैकी कोणते, हे पाहिल्याशिवाय टायरवर पैसे खर्च करू नयेत. रबर झिजून खालचे कापड दिसू लागले असेल किंवा बाजूला चीर पडून फुगवटा आला असेल, तर मात्र टायर बदलावाच लागेल.

आता वाटेतल्या पंक्चरविषयी. माझा ठाम सल्ला असा की रस्त्यात ठिगळ लावण्याच्या फंदात पडू नये. एक सुटी ट्यूब, दोन प्लास्टिकचे लिव्हर (टायरची कड रिमवरून उचकटण्याच्या पट्ट्या), आपल्या चाकाच्या नटाला बसणारा पाना आणि छोटा पंप एवढे सीटखालच्या पिशवीत ठेवावे, ट्यूब बदलून निघावे आणि फुटलेल्या ट्यूबचे पंक्चर संध्याकाळी घरी निवांतपणे काढावे. सोल्यूशन लावल्यावर त्याची ओली चमक जाईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे लागते. घाईत माणूस तेवढे थांबत नाही, ओल्यावरच ठिगळ दाबतो, आणि ते चांदणी चौकाच्या चढावर सुटते. ट्यूब घेताना टायरच्या बाजूवरील आकडे लिहून न्यावेत. ‘37-622’ असे काही छापलेले असते, त्यात पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायरची कड बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो. नुसते ‘मोठ्या सायकलची ट्यूब द्या’ असे सांगितल्यास हमखास चुकीची ट्यूब मिळते.

हवा गेल्याचे कळताच, म्हणजे मागचा भाग डुलू लागताच किंवा रिमची धडधड हाताला जाणवताच, उतरावे. बसलेल्या चाकावर शंभर-दोनशे मीटर रेटत गेल्यास ट्यूब चिंध्या होऊन बाहेर येते, टायरची बाजू कापली जाते आणि रिमही वाकू शकते. सेवा रस्त्यावर पदपथ किंवा एखाद्या बंद दुकानाची पायरी गाठून रहदारीकडे तोंड करून काम करावे. गिअरची सायकल असल्यास चाक काढण्यापूर्वी साखळी मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणावी, म्हणजे चाक अडकत नाही. तेलावर चालणारा डिस्क ब्रेक असल्यास चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नये, कारण पॅड आतून एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसेनासे होते.

टायर काढताना उरलीसुरली हवा पूर्ण काढावी आणि टायरच्या दोन्ही कडा हाताने दाबून रिमच्या मध्यातल्या खोलगट भागात ढकलाव्यात. लिव्हरला जोर लावावा लागतो तो बहुधा ही पायरी गाळल्यामुळेच. कडा मध्यात उतरल्या की पलीकडे तेवढाच सैलपणा मिळतो आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने पहिला लिव्हर सहज आत जातो. नवी ट्यूब घालण्यापूर्वी तिच्यात दोन-चार पंप हवा भरून तिला गोल आकार द्यावा, म्हणजे ती कुठे दुमडत नाही. टायर परत चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा, आणि तो बसल्यावर व्हॉल्व्ह बोटाने एकदा वर ढकलून सोडावा, म्हणजे त्याच्या मुळाशी ट्यूब कडेखाली अडकत नाही. हा शेवटचा भाग लिव्हरने चढवण्याचा मोह होतो. पण नवी कोरी ट्यूब जागच्या जागी फोडण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग असल्यामुळे तळहाताने रेटावा. छोट्या पंपाने शंभर-दोनशे हात मारल्यावर काम भागेल इतकी हवा भरते. उरलेली कार्यालयात पोहोचल्यावर किंवा घरी भरता येते.

पहिल्या वेळी या सगळ्याला अर्धा तास लागेल. म्हणून एखाद्या रविवारी, पंक्चर नसतानाच, घराच्या गॅलरीत मागचे चाक एकदा काढून घालावे. हात बसल्यावर पंधरा मिनिटे पुरतात, आणि मग आपल्या वरिष्ठांना कळवायचा उशीरही तेवढाच राहील.

प्रश्न : मी नळस्टॉपजवळ राहते व शिवाजीनगरला शिकवायला जाते. माझ्या सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक व लांब आहे. रस्त्यावरचे पंक्चरवाले “याला आमचा पंप लागत नाही, बाई” असे सांगून परत पाठवतात. एका दुकानात रिमचे भोक मोठे करून साधी ट्यूब घालून देतो असे सांगितले. तसे करावे का?

उत्तर : करू नये. आपल्या व्हॉल्व्हला प्रेस्टा म्हणतात आणि तो सहसा अरुंद रिमवर असतो. अशा रिमचे भोक रुंदावल्यास त्या जागी धातू फारच कमी उरतो, तिथे ती कमकुवत होते आणि पुढे तडकण्याची भीती राहते. उपाय फार सोपा आहे. सायकलच्या मोठ्या दुकानात पितळेचे बोटाच्या पेराहूनही लहान अ‍ॅडॉप्टर मिळते. ते प्रेस्टावर फिरवून बसवले की त्याचे तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसारखे होते आणि कोणताही पंप लागतो. दोन घ्यावेत आणि एक किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवावा, कारण ही वस्तू हरवण्यासाठीच जन्माला आलेली आहे. हवा भरण्यापूर्वी टोकावरचा चिमुकला नट सैल करून एकदा दाबावा, फुस्स आवाज आला की तो मोकळा झाला असे समजावे, आणि हवा भरून झाल्यावर तो पुन्हा आवळावा.

पेट्रोल पंपावरील किंवा पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरने भरताना मात्र सावध राहावे. त्या यंत्राला मोटारीच्या चाकांची सवय असते; सायकलच्या ट्यूबमध्ये मावणारी हवा इतकी कमी की एका लांबलेल्या दाबातच ती फुटू शकते. अगदी थोडे थोडे भरून प्रत्येक वेळी अंगठ्याने दाबून पाहावे. आपल्या 35 ते 40 मिलिमीटर रुंदीच्या टायरसाठी सर्वसाधारण 50 ते 70 पीएसआय दाब चालतो; नेमकी मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते आणि तीच प्रमाण मानावी.

आपल्या वाटेवर वेळेचीच अडचण आली तर मेट्रोचा पर्याय आहे. नळस्टॉप, गरवारे महाविद्यालय आणि डेक्कन जिमखाना ही तिन्ही स्थानके आपल्या मार्गावर आहेत. गर्दीची वेळ नसेल तेव्हा, स्थानकावरील कर्मचाऱ्यांना विचारून, बसलेल्या चाकाची सायकल सोबत नेता येईल.

प्रश्न : माझे वय 71 असून सदाशिव पेठेत वास्तव्य आहे. माझी जुनी काळी सायकल अजून उत्तम चालते. परंतु रात्री हवा भरून ठेवली तरी सकाळी पुढचे चाक बसलेले असते. तीन ठिकाणी दाखवले, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा कुठेच येत नाही. ट्यूब बदलण्याचा सल्ला मिळतो, पण मन मानत नाही.

उत्तर : आपले मन बरोबर सांगत आहे. आपल्या सायकलीला जुन्या पद्धतीचा, डनलॉप नावाने ओळखला जाणारा व्हॉल्व्ह असणार. तोंडाचा पितळी नट फिरवून काढल्यावर आतली पिन बाहेर येते आणि तिच्यावर रबराची बारीक नळी चढवलेली दिसते. तीच आपली वॉलट्यूब. पिनेच्या कुशीला एक छोटे भोक असते. पंप मारताना हवा त्या भोकातून बाहेर पडून रबराला क्षणभर फुगवते आणि आत जाते, आणि पंप थांबताच आतल्या हवेचाच दाब रबराला भोकावर घट्ट दाबून धरतो. बेल्फास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश पशुवैद्याने 1887-88 मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, त्याचे नाव या व्हॉल्व्हला चिकटले. (अशी कल्पना त्याच्या चार दशके आधी रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने नोंदवून ठेवली होती, पण तेव्हा आजच्यासारख्या सायकलीच नव्हत्या, त्यामुळे ती तशीच पडून राहिली.)

हे रबर काही महिन्यांनी कडक होते, त्याला भेगा पडतात आणि हवा थेंबाथेंबाने झिरपावी तशी रात्रभर झिरपते. कारागीर ट्यूब पाण्यात बुडवतो तेव्हा व्हॉल्व्हचे तोंड बहुधा त्याच्या हातात, पाण्याबाहेर असते, म्हणून बुडबुडा दिसत नाही. घरी हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणावा, तोंडावर थुंकीचे किंवा साबणाच्या पाण्याचे बोट लावावे आणि मिनिटभर पाहत राहावे. फुगा आला तर निदान पक्के झाले. नवी वॉलट्यूब घेऊन ती पाण्यात भिजवावी, पिनेवर सरकवावी, कुशीचे भोक पूर्ण झाकले गेल्याची खात्री करावी आणि नट आवळावा. पान्याची गरज नाही. हाताने आवळलेला पुरतो. एवढे करूनही चाक बसलेच, तर पुढचे पत्र अवश्य लिहावे, तोवर ट्यूब बदलू नये.

प्रश्न : ट्यूबमध्ये पंक्चरविरोधी द्रव भरून घ्यावा का? हिंजवडीच्या माझ्या कार्यालयातील अर्धे सायकलस्वार त्याची स्तुती करतात आणि उरलेले शिव्या देतात.

उत्तर : दोघांचेही खरे आहे. बाभळीच्या काट्याचे किंवा तारेचे बारीक छिद्र हा द्रव चाक फिरता फिरता बुजवतो आणि आपल्याला पंक्चर झाल्याचे कळतही नाही. काचेची चीर किंवा खड्ड्याने चिमटून पडलेल्या दोन चिरा मात्र त्याच्या आवाक्याबाहेर असतात, आणि त्यानंतर ठिगळ लावण्यास बसल्यावर ओल्या, चिकट ट्यूबवर सोल्यूशन धरत नाही. शिव्या तिथूनच सुरू होतात. शिवाय काही महिन्यांत तो आत सुकतो आणि कधी कधी व्हॉल्व्हचे तोंडही बुजवतो. मी स्वतः तो भरत नाही. रोजच्या जाण्यायेण्यासाठी थोडा जाड, आतून संरक्षक पट्टा असलेला टायर मला अधिक भरवशाचा वाटतो. सायकल किंचित जड पळते, तेवढे सोसावे.

प्रश्न : हडपसरला आमच्या सोसायटीत उन्हात उभ्या असलेल्या मुलाच्या सायकलचा टायर दुपारी मोठा आवाज होऊन फुटला. पंक्चर आदल्याच दिवशी काढले होते. उन्हाने हवा फुगते, म्हणून उन्हाळ्यात हवा कमीच भरा, असे दुकानदार सांगतो. मूल रोज त्याच सायकलने शाळेत जाते, म्हणून विचारते.

उत्तर : हवा उन्हाने फुगते हे खरे, पण किती, ते पाहू. सकाळी 25 अंश तापमानाला 60 पीएसआय भरलेला टायर भर उन्हात 60 अंशांपर्यंत तापला, तरी आतला दाब आठ-नऊ पीएसआयनेच वाढतो. छापील मर्यादेच्या आत हवा भरलेल्या धडधाकट टायरने एवढे सहज सोसायला हवे. आदल्या दिवशी पंक्चर काढले होते, हा आपल्या पत्रातील तपशील मला अधिक बोलका वाटतो. टायर चढवताना ट्यूबचा एखादा भाग त्याच्या कडेखाली अडकला, तर चाक वरवर ठीक दिसते. ती कड हळूहळू उचलली जाते, ट्यूब बाहेर डोकावते आणि थोड्या वाढीव दाबाचे निमित्त होऊन फटाक्यासारखी फुटते. फुटलेली ट्यूब अजून घरात असेल तर पाहावी : टोचल्यासारखे छिद्र नसून कित्येक सेंटिमीटर लांबीची फाट दिसेल, आणि त्याच जागी टायरची कड रिमच्या बाहेर आलेली आढळेल.

यापुढे पंक्चर काढून घेतल्यावर पूर्ण हवा भरण्यापूर्वी टायर दोन्ही बाजूंनी बोटांनी आत दाबत चाकाची एक फेरी पूर्ण करावी, आणि कुठेही ट्यूब डोकावत नाही ना, ते पाहावे. रिमच्या काठालगत टायरवर एक बारीक उंचवट्याची रेषा असते. ती सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. उन्हाळ्यात हवा कमी भरण्याचा सल्ला मात्र पाळू नये. हडपसरच्या गतिरोधकांवरून आणि खड्ड्यांतून कमी हवेचे चाक रोज गेले, तर वर सांगितलेल्या दोन समांतर चिरा पडतील, आणि तेव्हा मूल घरी नव्हे, शाळेच्या वाटेवर असेल.